अकरा वेळचा उशीर

पठ्ठ्याने पहिल्यांदा स्वतःच्या अकलेने वाळूचा मिक्सर सुरू केला, त्या दिवशी फाउंड्रीत पेढे वाटले गेले. वाटायचा मान अर्थातच जोतिराम चौगलेचा. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात तो आयटीआय करून वायरमन म्हणून चिकटला होता, आणि चौतीस वर्षांनी इलेक्ट्रिकल विभागाचा प्रमुख म्हणून निवृत्तीला टेकला होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. तालमीची माती जन्मात अंगाला न लागलेल्या माणसाला वस्ताद म्हणणं ही कोल्हापूरकडचीच रीत. ज्याच्या हाताला गुण, तो वस्ताद. आणि वस्तादाने तयार केलेला गडी तो पठ्ठा. पुण्याच्या कंपनीने बसवलेल्या नव्या कंट्रोलरला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसेना. कामगारांनी दोन दिवसांत त्याचं 'पठ्ठ्या' म्हणून बारसं करून टाकलं.

जुने कंट्रोलर आज्ञाधारक होते, पण ठोंबे. माणसाने लिहून दिलेलं तेवढंच ते करायचे: दार बंद असेल तर मोटर चालू, दार उघडं असेल तर मोटर बंद. पठ्ठ्याला कुणी काही लिहून दिलं नव्हतं. तो नुसता बघत होता. तीन वर्षं त्याने मोटरचा करंट, वाळूचा ओलावा, भट्टीचं तापमान, ऐंशी स्विचांची उघडझाप, आणि या सगळ्यावर जोतिरामचा हात केव्हा कुठे पडतो ते बघितलं. मग त्यातून त्याने आडाखे बांधले. अमुक अमुक जुळून आलं की वस्ताद हे बटण दाबतो, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा. मग आपणही दाबायचं. पोरगं बापाचं बघून सायकल शिकतं तसंच हे. फक्त या पोराला झोप नाही, जेवण नाही, आणि एकदा शिकलं की त्याच्या शिकण्याची हवी तेवढी नक्कल काढता येते.

सगळ्यात अवघड धडा होता तो मिक्सरच्या दाराचा. साच्यांची वाळू तयार होते ती या मिक्सरमध्ये. माणसाच्या छातीएवढी दोन लोखंडी चाकं आत गरगरत वाळू मळतात. दाराला एक चुंबकाचा स्विच असतो. दार उघडलं की त्याने मोटर बंद पाडायची. पण ओली वाळू त्या स्विचच्या फटीत बसायची आणि दार घट्ट बंद असतानाही तो 'उघडं आहे' म्हणून बोंब मारायचा. मग मिक्सर बंद, साचे बंद, आणि भट्टीत वितळलेलं लोखंड वाट बघत बसलेलं. महिन्यातून पंधरा-वीस वेळा हे व्हायचं. अशा वेळी जोतिराम पॅनेल उघडायचा आणि वायरचा एक वीतभर तुकडा दोन टोकांमध्ये अडकवायचा. याला जंपर म्हणतात. जंपर मारला की कंट्रोलरला वाटतं दार बंद आहे, आणि सगळं पुन्हा चालू होतं. नियमात हे बसत नाही. पण जंपर न मारता चालणारी फाउंड्री जोतिरामने बघितली नव्हती.

नवे नियम आले आणि अनुभवी माणसावरून शिकलेल्या कंट्रोलरला सुरक्षेचे निर्णयही घ्यायची मुभा मिळाली. तेव्हा पुण्याहून ऋता गोडबोले आली. पठ्ठ्याची घडण तिच्याकडे होती. तिशीची, अंगाने काडी, पण कान टवकारून ऐकणारी मुलगी. मॅनेजर मगदूम साहेब आणि दोन परदेशी पाहुणे यांच्या देखत तिने विचारलं, "काका, जंपर मारायच्या आधी तुम्ही नेमकं काय काय बघता? बारीकसारीक सगळं सांगा."

जोतिरामने मोजून पाच गोष्टी सांगितल्या. करंटचा काटा, वाळूचा ओलावा, वाळूचा शेवटचा घाणा बाहेर पडून किती वेळ झाला, पाऊसपाणी, आणि आधल्या पाळीत मिक्सर धुतला होता का. पाहुणे मान डोलवत होते. मगदूम साहेबांचा चेहरा फुलला होता.

"आणखी काही?" ऋताने विचारलं.

"बाकी मग अंदाज. हाताचा अनुभव."

इथेच तो चुकला. कारण या पाचांच्या आधी तो एक सहावी गोष्ट करायचा, आणि ती त्याने सांगितली नाही. पॅनेलला हात लावण्याआधी तो मिक्सरपाशी जायचा, पान्ह्याने पत्र्यावर तीनदा ठोकायचा आणि ओरडायचा, "आत कोण हाय काय रं?" मग मनात दहापर्यंत आकडे म्हणायचा. आतून ओ आली नाही तरच परत फिरायचा. त्याला ज्या जुन्या वायरमनने काम शिकवलं त्याचीच ही सवय. पण परदेशी पाहुण्यांसमोर, लॅपटॉप उघडून बसलेल्या पोरीला कसं सांगायचं, की मी पत्र्यावर ठोकतो आणि गुराख्यासारखा हाळी देतो? त्याला लाज वाटली. फार काही नाही, एवढंच.

पठ्ठ्याला कान नव्हते. फाउंड्रीच्या गोंगाटात ऐकण्यासारखं असतं काय, म्हणून माइक बसवलाच नव्हता. पठ्ठ्याने जंपर बघितला. हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

*

सात महिने सगळं उत्तम चाललं. दाराचा स्विच खोटं बोलला की पठ्ठ्या ते ओळखायचा आणि चाळीस सेकंदांत मिक्सर सुरू करायचा. मगदूम साहेबांनी पठ्ठ्याच्या प्रमाणपत्राची चौकट करून ऑफिसात लावली. त्यावर खाली छापलं होतं, 'शिक्षक: जोतिराम चौगले'. त्या चौकटीवरून जाता-येता जोतिरामची मान आपोआप वळायची. पठ्ठ्याच्या नकला इतर फाउंड्र्यांतही बसू लागल्या. जोतिरामला आता मिक्सरपर्यंत जायची गरज उरली नाही. तो थंड केबिनमध्ये बसून पडद्यावर हिरवे ठिपके बघायचा आणि चहा प्यायचा.

दस्तगीर शिकलगार वाळूच्या विभागात होता. जोतिराम आणि तो एकाच वर्षी कामाला लागले, एकाच डब्यात जेवले, दस्तगीरच्या ईदेला जोतिरामच्या घरी शिरकुर्मा आला नाही असं एक वर्ष गेलं नाही. त्या मंगळवारी दुपारी मिक्सरच्या चाकाला वाळूचा गोळा धरला होता. दस्तगीर दार उघडून खुरपं घेऊन आत उतरला. नियम असा, की आत जाणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. मेन स्विच साठ मीटर लांब, जिन्यावर. पाच मिनिटांच्या कामाला कुणी जात नसे. जायची गरजच काय? मिक्सर बंद पडला की तो सुरू करायला माणूस येणार, तो आधी ठोकणार, हाक मारणार. चौतीस वर्षांची ही खात्री; आता सुरू करणारा पठ्ठ्या आहे आणि तो हाक मारत नाही, हे कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

पठ्ठ्याने बघितलं: स्विच म्हणतोय दार उघडं. हवा दमट, मिक्सर सकाळीच धुतलेला, शेवटचा घाणा पडून तीन मिनिटं. म्हणजे स्विच खोटं बोलतोय. चाळीस सेकंद थांबून त्याने मोटर सुरू केली.

कुणीतरी लाल बटण दाबेपर्यंत चाकाचा जेमतेम एक फेरा झाला होता. दस्तगीरचा उजवा पाय गुडघ्याखाली उरला नाही.

किंकाळी केबिनपर्यंत आली तेव्हा जोतिराम धावला, आणि धावता धावताच त्याला सगळं कळलं. ऋताला ज्याचा नुसता माग लागायला पुढे बारा दिवस गेले, ते त्याला त्या साठ पावलांत कळलं होतं.

*

चौथ्या दिवशी चौकशी बसली. फिर्याद नव्हती, कुणाचा आवाजही चढला नाही. मगदूम साहेबांनी आदल्या दिवशी एवढंच म्हटलं होतं, "वस्ताद, जंपरचा विषय कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुम्ही चौदा महिन्यांनी सन्मानाने घरी जायचं."

समितीच्या माणसाने विचारलं, "आत जाताना कुलूप लावायचा नियम होता?"

"होता," जोतिराम म्हणाला.

"जखमी कामगाराने लावलं होतं?"

"न्हाई लावलं."

यात शब्दही खोटा नव्हता. त्याने सही केली आणि बाहेर येऊन नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला.

सहाव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. दस्तगीर उशीला टेकून बसला होता. पांघरूण उजवीकडे जिथे सपाट व्हायला नको तिथे सपाट झालं होतं. त्याची बायको रेहाना सफरचंद कापत होती. तिने जोतिरामला स्टूल पुढे केलं आणि चहा आणायला गेली.

"एक कळंना बघ जोती," दस्तगीर म्हणाला. "हाक न मारता चालू केला कुणी? मी आत निवांत हुतो. म्हणलं, हाक आली न्हाई म्हणजे अजून कोण चालू करत न्हाई. आणखी एक हात मारू, म्हणून वाकलो."

जोतिरामने सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण तेवढ्यात चहा आला, मग नर्स आली, मग भेटायची वेळ संपली. या तिन्ही सबबी त्याने मनातल्या मनात हात जोडून स्वीकारल्या, हे त्याचं त्यालाच माहीत.

"चूक माझीच की रं," दस्तगीर मागून म्हणाला. "कुलूप घालायला पायजे हुतं."

*

बाराव्या दिवशी ऋता आली, एकटीच. तिने केबिनचं दार लावून घेतलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"काका, चौकशी संपलीय. कामगाराची चूक म्हणून अहवालही गेलाय. मला कुणी पाठवलेलं नाही, पण माझं मन मानत नाही. हे बघा. तीन वर्षांत तुम्ही सहाशे बावीस वेळा जंपर मारला. सहाशे अकरा वेळा दोन मिनिटांच्या आत. पण या अकरा वेळा दहा-दहा, वीस-वीस मिनिटं उशीर झालाय. करंट तोच, ओलावा तोच, सगळं तेच. पठ्ठ्याला याचं कारण सापडलं नाही. कारण सापडत नाही तेव्हा तो ती उदाहरणं बाजूला टाकतो. शिक्षक जेवायला गेला असेल, चहाला गेला असेल, असं धरून चालतो."

जोतिराम त्या अकरा ओळींकडे बघत राहिला. प्रत्येकीपुढे तारीख होती, वेळ होती. त्या अकरा वेळा आतून ओ आली होती. "हाय वो वस्ताद, थांबा जरा!" एकदा तर दस्तगीरनेच दिली होती, शिव्यांसकट, आणि मग दोघे हसले होते. ज्या अकरा वेळी त्याच्या हाताने कुणाचा तरी जीव राखला, नेमक्या त्याच अकरा वेळा पठ्ठ्याने गाळून टाकल्या होत्या. उरलं होतं ते नुसतं जंपर मारणं.

"काय झालं होतं काका, या अकरा वेळा?"

सांगायचं म्हणजे चौतीस वर्षांचे जंपर कबूल करायचे. सुपरवायझरचं लायसन जाणार, ऑफिसातली चौकट उतरणार, आणि सगळ्या वसाहतीत बोभाटा होणार, की वस्तादाने पठ्ठ्याला अर्धीच विद्या दिली आणि दोस्ताचा पाय घालवला.

"ध्यानात न्हाई बाई," तो म्हणाला. "गेलो असंन चहाला."

"हाच हात आता सदतीस फाउंड्र्यांत आहे," ती म्हणाली. "कारण सापडल्याशिवाय मी तो बंद करू शकत नाही. आठवलं तर कधीही फोन करा. अगदी कधीही."

तिने आपला नंबर पाटीवर लिहून ठेवला. जोतिरामने ठरवलं, उद्या करू. उद्याचा परवा झाला. परवा बाजार होता, तेरवा कुणाचं तरी बारसं होतं. माणसाला न करायचं असलं की पंचांगातला प्रत्येक दिवस त्याच्या मदतीला धावून येतो.

*

एकोणिसाव्या दिवशी सकाळी त्याची बायको मंगल चहाचा कप ठेवून समोरच बसली. एरवी ती बसत नसे.

"रेहानाभाभीचा फोन आलता. भावजींनी सही केली म्हणं कागदावर. 'माझ्या चुकीनं झालं' म्हणून."

जोतिरामने कपाला हात लावला नाही.

"एक इचारू? घरातला फ्यूज बसवायचा म्हणलं तरी तुम्ही आधी वरडता, 'हात काढा सगळ्यांनी!' घरात मी एकटी असली तरी वरडता. आणि त्या मिक्सरला न्हाई वरडला?"

"मी हुतो कुठं तिथं? मशीन हुतं."

"त्या मशिनीला सांगितलं हुतं का, वरडायचं म्हणून?"

त्याने नकाराची मान हलवली.

"चौकशीत सांगितलासा हे?"

"जेवढं इचारलं तेवढं खरं सांगितलं."

"खोटं बोलला न्हाईसा, ते कळतंय मला," मंगल म्हणाली. "पण पुरतं बी बोलला न्हाईसा." आणि तिने कप उचलला, त्यात चहा तसाच होता.

त्याच दिवशी अकरा वाजता जोतिरामने ऋताला फोन केला आणि नंतर स्वतःच्या हाताने चार पानं लिहिली. जंपर, पान्हा, हाक, अकरा वेळचा उशीर, केबिनमध्ये सांगितलेली थाप, सगळं. शेवटी लिहिलं, 'दस्तगीर शिकलगार यांची चूक नाही. ते माझ्या हाकेवर विसंबून होते. हाक मारणे हा कामाचा भाग होता व तो मी शिकवला नाही.' मगदूम साहेबांनी कागद वाचला आणि त्याच्याकडे न बघता ओळखपत्र मागून घेतलं. फाटकातून बाहेर पडताना जोतिरामला हलकं वाटलं. आपण वेळेवर नसलं तरी शेवटी केलं, असं वाटलं. ते वाटणं दोन तास टिकलं.

दोनच्या सुमारास ऋताचा फोन आला.

"काका, सदतीसच्या सदतीस जागी पठ्ठ्या बंद केलाय." तिचा आवाज बसलेला होता. "तुमचं पत्र आलं म्हणूनच झालं हे."

"बरं झालं बाई."

फोन मात्र तिने ठेवला नाही.

"काय झालं?"

"निपाणीजवळच्या एका फाउंड्रीत... काल दुपारी. असाच मिक्सर. आतला माणूस गेला."

जोतिराम रस्त्याच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर बसला. "काल?"

"काल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, काका. तुमचं पत्र आजचं आहे." तिने हे त्याला धीर द्यायला म्हटलं होतं. बिचारीला कळलं नाही, की यापेक्षा मोठा घाव तिला घालता आला नसता.

"नाव काय त्याचं?"

"महांतेश हुक्केरी. एकोणचाळीस वर्षांचा होता."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दस्तगीरकडे गेला. दस्तगीर आता घरी आला होता, ओट्यावर कुबड्या शेजारी ठेवून उन्हात बसला होता. जोतिरामने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. दवाखान्यातल्या चहाचंही सांगितलं.

दस्तगीरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसेना, आणि तेच जोतिरामला सोसवेना.

"शिवी तरी दे, मर्दा."

"माझ्या पायाची शिवी कवाच दिली असती आणि इसरलो बी असतो," दस्तगीर म्हणाला. "लाजंपायी राह्यलं सांगायचं, व्हतंय माणसाचं. पाय माझा हुता, माफ करायचं का न्हाई ते माझ्या हातात हुतं. पण तू ठाऊक असून गप बसलास, त्यात त्यो निपाणीचा गेला. त्याचं माफ करणारा मी कोण? माझ्या दारात कशाला आलायस त्याचं घेऊन?"

रेहाना आतून बघत होती. तिने या वेळी स्टूल पुढे केलं नाही.

निपाणीची बॅटरीवरची एसटी आवाज न करता पाऊण तासात पोचवते. जोतिरामला तेवढा वेळही पुरला नाही. काय बोलायचं ते ठरलंच नाही. घर विचारत विचारत तो गेला. मांडव घातलेला होता, अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. उंबऱ्याशी खुर्चीत एक म्हातारा होता, पांढऱ्या टोपीचा. महांतेशचा बाप असावा. त्याने परक्या माणसाला बघून डोळ्यांवर हात धरला.

"कंपनीकडनं आलाय?"

"न्हाई."

"मग महांतेशच्या वळकीचं?"

"न्हाई," जोतिराम म्हणाला. "मी कधी बघितलं नव्हतं त्यांना."

"मग कोण तुम्ही?"

चौतीस वर्षांत या प्रश्नाला त्याच्याकडे 'वस्ताद' हे एकच उत्तर होतं, आणि ते सांगायला त्याला कधी लाज वाटली नव्हती. त्याने चपला काढल्या, म्हाताऱ्यासमोर जमिनीवर बसला, आणि मान वर करून बोलला.

"ते मशीन माणूस आत असताना चालू हुतंय, हे मला आधी ठाऊक हुतं, बाबा. अठरा दिस आधी."